घरच्या अंड्यांसाठी तीन-चार कोंबड्या

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. 18 ते 20 आठवड्यांच्या तीन-चार तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणा. खुराड्यात प्रत्येकीला किमान 4 चौरस फूट जागा द्या. बसायची दांडी अंड्यांच्या पेटीपेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या; पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण मुंगसाला अडवत नाही.

लेयर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) दर कोंबडीला रोज 110 ते 120 ग्रॅम. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. घरातलं उरलंसुरलं जास्त घातलं की कॅल्शियम कमी पडतं, कवच पातळ होतं, अंडं पेटीत फुटतं, कोंबडी ते चाखते आणि तिला अंडी खायची खोड लागते. ही खोड सुटणं फार अवघड. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा (फीडमध्ये मिसळू नका, ज्या कोंबडीला जेवढा हवा तेवढा ती खाते) आणि अंडी दिवसातून दोनदा उचला. पाणी सावलीत, सतत.

अंडी अचानक थांबली तर आधी पिसं बघा. झडत असतील तर दोन-तीन महिने धीर धरा. नसतील तर उजेड मोजा: 14 तासांहून कमी झाला की अंडी घटतात.