हॉटेलच्या किचनमध्ये लादीवरचा पांढरा थर जात नाहीये? या चुका टाळा

रात्री हॉटेल बंद झालं की लादी घासून धुतात, ओली असते तोवर एकदम चकाचक दिसते आणि सकाळी शटर उघडलं की परत तोच पांढुरका थर. ठाण्यात, नवी मुंबईत हॉटेल, पोळीभाजी केंद्र, क्लाउड किचन चालवणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते. मग घासणाऱ्या पोराला ओरडा बसतो आणि दुसऱ्या दिवशी बादलीत लिक्विड डबल पडतं. पहिली चूक हीच.

कारण तो थर बहुतेक वेळा सुकलेला साबणच असतो. तेल सुटावं म्हणून लिक्विड टाकतात, घासतात, वायपरने पाणी न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे ढकलतात आणि झालं, साध्या पाण्याने परत धुवायचं राहूनच जातं. मागे उरलेलं पाणी उडून जातं, साबण आणि त्यात सुटलेलं तेल तिथेच बसतं. धुण्याचा सोडा वापरत असाल तर अजूनच, तो सुकला की पांढराच दिसतो. कॅनवर जे माप लिहिलंय तेवढंच घ्या, आणि मापाच्या मगनेच घ्या, कॅन तिरका करून अंदाजाने नको. हा थर ओला झाला की निसरडा होतो, आणि उकळत्या तेलाची कढई उचलून चालणारा माणूस त्याच लादीवरून चालतो, म्हणून हा विषय नुसता दिसण्याचा नाहीये.

काहीही ओतायच्या आधी पांढरं नक्की काय आहे ते बघा. एका कोपऱ्यात थोडं गरम पाणी टाकून ब्रशने घासा. फेस आला तर साबण. फेस नाही पण बोटाला चिकट लागतंय तर तेल. दोन्ही नाही, नुसतं खरखरीत लागतंय तर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका, बुडबुडे आले की समजा पाण्यातले क्षार. फक्त ही व्हिनेगरची टेस्ट कोटा दगडाच्या लादीवर करू नका, कोटा मुळात चुनखडीचा दगड, तिथे दगडच फसफसणार.

क्षार निघाले तर पाणी कुठलं येतंय ते बघा. ठाण्यात बरंचसं भातसाचं, नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ते सहसा एवढं जड, म्हणजे क्षारांचं नसतं, पण घोडबंदर साइडला बरेच जण टँकरवर नाहीतर बोअरवर असतात आणि तिथे हा प्रॉब्लेम जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम धरतात, दुसरा सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात, बोअरचं पाणी त्याच्याही वर जाऊ शकतं. दोन्ही लाइन असतील तर शेवटचं धुणं तरी पालिकेच्या पाण्याने करा.

आता ॲसिड. यावर मला कळकळीने सांगायचंय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. संडास साफ करायचं ॲसिड कोट्यावर ओतलं की पॉलिश खाल्लं जातं आणि जे नवे पांढरे डाग पडतात ते घासून जात नाहीत, परत पॉलिशच करावं लागतं. व्हिट्रिफाइडच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चकचकीत टाइलच्या लादीला सहसा काही होत नाही पण सांध्यातलं सिमेंट खातं, मग पाणी खाली मुरतं, वास सुरू होतो, झुरळं वाढतात. स्टीलच्या टेबलाच्या पायांवर तपकिरी ठिपके दिसले तर तेही याच वाफेमुळे असू शकतात. आणि ॲसिडसोबत ब्लीच कधीही नको, एकाच बादलीत नको आणि एकामागोमाग एकाच लादीवरही नको, क्लोरीन गॅस तयार होतो, रात्री एक्झॉस्ट बंद, दारं बंद, आत पोरगा एकटा, जिवावर बेतू शकतं.

व्हिट्रिफाइडवरच्या क्षारांना लिंबूसत्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या म्हणजे ते आत शोषलं जात नाही, पाच मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा.

पांढरी पावडर फक्त सांध्यांतूनच येतेय आणि पावसाळ्यात वाढतेय, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर सिमेंटमधून वर येणारे क्षार, तिथे पाणी ओतून उपयोग नाही, उलट वाढेल. कोरड्या ब्रशने काढा आणि प्लंबरकडून न्हाणी ट्रॅप नि सिंकचा पाइप तपासून घ्या, ओल बंद झाल्याशिवाय तो थांबत नाही.

साबणाचा जुना थर असेल तर काही रात्री लिक्विड बंद ठेवा, नुसतं गरम पाणी, कडक ब्रश, वायपर, मग साधं पाणी आणि परत वायपर. फेस दरवेळी कमी होत जाईल. पूर्ण थांबला की मापात लिक्विड सुरू करा, पाच-दहा मिनिटं राहू द्या पण सुकू देऊ नका. आणि पोछा धुऊन उलटा टांगा, बादलीतच भिजत ठेवला तर सकाळी तोच साबण परत लादीभर फिरतो.