एसएसएच लॉगिन रखडतंय? आधी नेमकं कुठे अडतंय ते पाहा

सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन करताना पासवर्ड विचारायलाच वीस-तीस सेकंद लागतात, पण एकदा आत गेलं की सगळं सुरळीत चालतं. असं होत असेल तर इंटरनेटला दोष देऊ नका. वेळ बहुधा ओळख पटवण्यात जातोय.

आधी कमांडमध्ये 'डॅश व्ही' घालून लॉगिन करा. पडद्यावर भराभर ओळी येतील. त्या जिथे थबकतील, ती ओळ टिपून घ्या. ही पायरी गाळून अंदाजाने सेटिंग बदलू नका, एवढं आग्रहाने सांगतो.

थबकलेल्या ओळीत 'जीएसएसएपीआय' दिसलं, तर क्लायंट, म्हणजे तुमच्या संगणकावरचा एसएसएच प्रोग्रॅम, कर्बेरॉसने (संस्थांच्या नेटवर्कमधल्या ओळख पटवण्याच्या व्यवस्थेने) ओळख पटवू पाहतोय. तुमच्याकडे कर्बेरॉस नसलं तरी उबुंटूसारख्या लिनक्समध्ये हा प्रकार क्लायंटवर बऱ्याचदा चालूच असतो आणि डीएनएसच्या (नाव आणि आयपी पत्ता यांची जोड सांगणाऱ्या सेवेच्या) उत्तराची वाट पाहण्यात वेळ जातो. 'डॅश ओ' वापरून 'जीएसएसएपीआय ऑथेंटिकेशन'ला 'नो' द्या. झटक्यात आत गेलात, तर तेच आपल्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये कायमचं लिहा.

लॉगिनचे कोणते प्रकार चालतील ते सर्व्हरने सांगण्याआधीच खोळंबा होतोय? मग सर्व्हरवरचं 'यूज डीएनएस' तपासा. ते चालू असेल तर सर्व्हर तुमच्या आयपीवरून नाव शोधतो. ओपनएसएसएच ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते मुळात बंद असतं. जुन्या सर्व्हरवर मात्र हमखास पाहा.

पासवर्ड स्वीकारल्यानंतर थांबत असेल, तर सर्व्हरवरच्या 'पॅम' (लॉगिनची तपासणी करणारी व्यवस्था) आणि 'सिस्टमडी-लॉगिनडी' (लॉगिन झालेल्यांची नोंद ठेवणारी सेवा) यांच्याकडे वळा.

'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणत कनेक्शन तुटतं, त्याचं दुखणं वेगळं. एजंटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) साठलेल्या लॉगिनच्या डिजिटल किल्ल्या क्लायंट एकेक करून पुढे करतो, प्रत्येक नाकारलेली किल्ली अपयशात मोजली जाते आणि 'मॅक्स ऑथ ट्राइज'ची मर्यादा मुळात ६ असते. योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच दार बंद! क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरसाठी 'आयडेंटिटी फाइल' नेमून द्या आणि 'आयडेंटिटीज ओन्ली'ला 'येस' करा. मर्यादा वाढवणं मला पटत नाही. त्याने पासवर्डचे अंदाज बांधणाऱ्यांनाही जास्त संधी मिळते.

सर्व्हरची एसएसएच कॉन्फिग फाइल बदलताना एक लॉगिन उघडं ठेवाच. एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतं, त्यामुळे वरच्या 'इन्क्लूड' ओळीतून आलेली फाइल तुमचा बदल निष्प्रभ करू शकते. 'एसएसएचडी'ला (सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रॅमला) लहान 'टी' देऊन चुका तपासा, मोठा 'टी' देऊन प्रत्यक्ष लागू होणारी मूल्यं पाहा. मग सेवा रीलोड करा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन जमल्यावरच पहिलं बंद करा.