स्की टूरिंगला निघण्याआधी: हिमस्खलनाची तयारी मुंबईतून कशी करावी

सह्याद्रीत पाय तयार झालेले, उत्तरकाशी किंवा मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेले काही मुंबईकर आता हिवाळ्यात गुलमर्गकडे वळतात. स्कीच्या तळाला स्किन्सच्या, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या, पट्ट्या लावून चढायचं आणि कोऱ्या बर्फातून उतरायचं, हा आनंद खरोखरच मोठा आहे. पण बेसिक कोर्स झाला म्हणजे हिमस्खलन कळलं, असं होत नाही. त्यातून मुंबईकराच्या मागे आणखी एक धोका असतो: परतीचं तिकीट. रजा मोजकी, खर्च झालेला, वर निरभ्र आकाश; अशा सकाळी ‘आज नको’ म्हणणं फार जड जातं. म्हणून तयारी चार-सहा महिने आधी, घरातूनच सुरू करा.

आधी बर्फ समजून घ्या

माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेकदा ‘स्लॅब’ प्रकारचं असतं. खाली दाणेदार, एकमेकांना न धरणारा कच्चा थर असतो आणि वर वाऱ्यानं किंवा नव्या हिमवर्षावानं घट्ट झालेला थर बसलेला असतो. स्कीचं वजन पडलं की कच्चा थर कोसळतो, तडा दूरवर पळतो आणि वरचा अख्खा तुकडा निसटतो. हे स्वयंपाकघरात करून पाहता येतं. पोळपाटावर पीठ दाबून बसवा, त्यावर साखरेचा पातळ थर पसरा, वर पुन्हा पीठ दाबा आणि पोळपाट हळूहळू तिरका करा. पीठ कुठून सुटतं ते नीट बघा.

युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की स्कीअर दगावलेल्या सुमारे ९० टक्के घटनांत हिमस्खलन त्या माणसानं किंवा त्याच्याच सोबत्यानं सुरू केलेलं होतं. म्हणजे बहुतेक अपघात आपल्या निर्णयाने टळू शकतात. हे सगळं शिकण्याचं कारणच ते आहे.

सह्याद्रीत कोन मोजा

स्लॅब मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. दुर्दैवानं स्कीला सर्वांत मजा तिथेच येते. कोन ओळखायला बर्फ लागत नाही. पुढच्या ट्रेकला ट्रेकिंग पोल उतारावर आडवा टेकवा, त्यावर फोन ठेवून कोनमापक अ‍ॅप उघडा. पण आधी नजरेनं अंदाज बांधा आणि मगच मोजा. पंचवीस आणि पस्तीस अंशांतला फरक डोळ्यांना कळेपर्यंत हे करत राहा.

त्याच वेळी वर बघायची सवय लावा. तुम्ही सपाटीवर असाल, पण डोक्यावर ३५ अंशांचा उतार असेल तर तुम्ही धोक्यातच आहात. आणि नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ! हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्यांना नाळ आवडते. बर्फात मात्र ती सापळा होते, कारण थोडंसं हिमस्खलनसुद्धा तिच्यात खोल साचतं आणि माणूस गाडला जातो.

समुद्रकिनाऱ्यावर शोधाचा सराव

प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: बीकन म्हणजे ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. गुलमर्गला ही साधनं भाड्यानं मिळतात, पण पहिला सराव तिथे करू नका. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची शक्यता चांगली असते. अर्ध्या तासानंतर ती फार खाली जाते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. काढणार ते सोबतचेच.

ग्रुपमध्ये दोन बीकन जमवा आणि अक्सा किंवा गोराईला सकाळी लवकर जा. एक बीकन सुरू करून डब्यात घाला, डबा गोणपाटात गुंडाळून कोरड्या वाळूत पुरा. ओल्या खाऱ्या वाळूत सिग्नल दबतो, म्हणून भरतीरेषेच्या वरच राहा. शोधणाऱ्याला जागा माहीत नसावी. सिग्नल मिळाला की बाण आणि आकडा पाहत जा. शेवटच्या तीन मीटरला वेग कमी करून बीकन जमिनीलगत धरा आणि सर्वांत लहान आकड्याची जागा शोधा. तिथून साधारण २५ सेंटिमीटर अंतरानं, गोल फिरत प्रोब मारा. बर्फात प्रोब उताराला काटकोनात घालायचा असतो. लागला की तो काढू नका. उताराच्या खालच्या बाजूनं, प्रोबच्या दिशेनं खणत जा. घड्याळ लावूनच करा. खणायलाच सर्वाधिक वेळ जातो, म्हणून फावड्याचा सराव ओल्या वाळूत वेगळा करा, पाठ दुखेपर्यंत.

शोधताना फोन बीकनपासून किमान ५० सेंटिमीटर दूर असावा. आणि पावसाळ्यात बॅटऱ्या काढून ठेवा; मुंबईच्या दमट हवेत त्या गळल्या की आतले संपर्क खराब होतात.

कोर्स

अ‍ॅव्हलांच कॅनडाचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, ते आधी करा. मग बर्फात दोन-तीन दिवसांचा, केवळ हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स करा. उताराचा निर्णय कसा घ्यायचा हे प्रशिक्षकाबरोबर उतारावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

गुलमर्गला पोहोचल्यावर

चंदीगडच्या डीजीआरईची, म्हणजे हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संरक्षण संशोधन संस्थेची, सूचना रोज पाहा, पण ती साधारण जिल्ह्यापुरती असते, तुमच्या उतारापुरती नाही. गंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारच्या, पट्ट्यावर स्की पट्रोलचं (गस्ती पथकाचं) लक्ष असतं. त्याच्या बाहेर अफरवाट या गुलमर्गवरच्या डोंगराचे उतार अनियंत्रित आहेत. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी ‘मधली’ वाटते म्हणून हलक्यात घेऊ नका, त्या पातळीलाही पुष्कळ माणसं हिमस्खलनात सापडतात. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षणातले १७ जवान हिमस्खलनात गेले, हेही लक्षात असू द्या.

रोज निघताना एकमेकांचे बीकन तपासा. संशयित उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून.

माझा सर्वांत जास्त आग्रह मात्र एका कागदाचा आहे. तो मुंबईतच, तिकीट काढायच्या दिवशी लिहा: ताजं हिमस्खलन दिसलं, पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, स्कीपुढे तडे पळाले, रात्रीतून ३० सेंटिमीटर बर्फ पडला, वाऱ्यानं बर्फ साचवला किंवा अचानक ऊब वाढली, तर ३० अंशांहून तीव्र उतारावर जायचं नाही. बदली बेतही त्यावरच लिहा. गुलमर्गखालच्या बाबा रेशी या ठिकाणाच्या बाजूच्या जंगलात सौम्य टप्पे मिळतात. नेमके कोणते, ते स्थानिक गाईडला विचारा. परतीच्या तारखेआधी दोन दिवस मोकळे ठेवा. आणि सगळ्यांनी सही करायची अट एवढीच: सर्वांत नवख्यानं ‘नको’ म्हटलं तरी सगळे परत फिरणार, कारणाची चर्चा हॉटेलवर.