पोकेमॉन मिस्टरी डन्जन : इतिहास न जाणता खेळल्याने होणाऱ्या या चुका टाळा

गणपतीच्या सुट्टीत गुहागरला आमच्या घरी आलेला भाचा दुपारभर पडवीत बसून निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर 'मिस्टरी डन्जन' खेळत होता आणि थोड्या थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारत होता, "मामा, माझा पोकेमॉन एवढा तगडा आहे, तरी मी हरतो कसा?" त्याची चिकाटी दांडगी होती; चूक एवढीच, की हा नेहमीचा पोकेमॉनचा खेळ आहे असे समजून तो खेळत होता. नवख्यांचे बहुतेक घोटाळे या एकाच गैरसमजातून होतात, म्हणून खेळांची ही मालिका मुळात कुठून आली ते आधी पाहिले पाहिजे.

ही मालिका पोकेमॉनसाठीच जन्मली, असे बरेच जण लिहितात. ते खरे नाही. तिचे मूळ १९८०च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगणकांवर खेळल्या जाणाऱ्या 'रोग' (Rogue) या खेळात आहे. त्यात पडद्यावर नुसत्या अक्षरांनी काढलेले तळघर, म्हणजेच डन्जन, असे, त्याचा नकाशा दर वेळी नवा तयार होई आणि नायक मेला की सारे पहिल्यापासून सुरू करावे लागे. जपानच्या चुनसॉफ्ट कंपनीने हीच कल्पना १९९३ मध्ये सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आणली आणि नायक म्हणून 'ड्रॅगन क्वेस्ट ४'मधला तोर्नेको हा व्यापारी घेतला. १९९५ मध्ये शिरेन हा कंपनीचा स्वतःचा भटका नायक आला, १९९७ मध्ये 'फायनल फँटसी'मधला चोकोबो पक्षी आला आणि पोकेमॉनची पाळी आली ती थेट २००५ मध्ये. दुसऱ्या मालिकेतला लाडका पाहुणा आपल्या तळघरात उतरवायचा, ही रीत तोवर चांगली रुळली होती. घराचे नियम मात्र यजमानाचेच राहिले, आणि माझ्या मते या मालिकेची खरी गंमत त्यातच आहे.

त्या नियमांतला सर्वांत महत्त्वाचा नियम चालींचा आहे. तुम्ही एक पाऊल टाकले की शत्रूही एक पाऊल टाकतो. तुम्ही काहीच केले नाही तर तोही जागचा हलत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखा हा मामला असल्यामुळे घाईला इथे काडीची किंमत नाही. भाचा नेमका मोकळ्या दालनाच्या मधोमध उभा राहून लढत होता, त्यामुळे भोवतीच्या आठही घरांतून त्याच्यावर मारा होत होता. त्याला मी दोन पावले मागे घेऊन बोळाच्या तोंडाशी उभे राहायला सांगितले, तेव्हा तेच शत्रू रांगेत एकामागून एक येऊ लागले आणि ज्या मजल्यावर तो सकाळपासून अडला होता, तो मजला त्याच खेपेत पार झाला. पोकेमॉनची लेव्हल, म्हणजे ताकदीची पातळी, तीच होती, बदलली ती फक्त उभे राहण्याची जागा.

दुसरी चूक पिशवीची. हरल्यावर जवळचे पैसे जातात आणि वस्तूही हरवतात, हा 'रोग'कडून आलेला वारसा आहे. पोकेमॉनमध्ये तो पुष्कळ सौम्य केलेला आहे, कारण इथे मिळवलेली लेव्हल टिकते. तरीही निघण्यापूर्वी पैसे खेळातल्याच फेलिसिटी बँकेत आणि मौल्यवान वस्तू कांगसखानच्या कोठारात ठेवाव्यात आणि सफरचंदे मात्र बरोबर घ्यावीत, कारण पोट रिकामे झाले की प्रत्येक पावलाला जीव कमी होत जातो. २०१२च्या 'गेट्स टू इन्फिनिटी'मध्ये ही भूक बहुतेक ठिकाणी काढून टाकली होती. तो भाग आधी खेळलेले लोक इतर भागांत हमखास उपाशी मरतात. प्युरिटी फॉरेस्ट या डन्जनमध्ये तर लेव्हल थेट तळाला येते आणि कोणतीही वस्तू आत नेता येत नाही. तिथे शिरेनची जुनी शिस्त जशीच्या तशी भेटते.

हरल्यावर लगेच माघार घेऊ नये. दुसरा खेळाडू त्याच डन्जनमध्ये उतरून तुमची सुटका करू शकतो आणि २०२०च्या 'रेस्क्यू टीम डीएक्स'मध्ये तुमचीच दुसरी तुकडीही हे काम करते. हा 'डीएक्स' नवा खेळ नसून २००५च्या 'रेड' आणि 'ब्लू' या जोडीचाच नवा अवतार आहे, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीतल्या चुका मात्र खिशाला चाट लावतात. २००५च्या जोडीतला 'रेड' गेम बॉय ॲडव्हान्ससाठी होता आणि 'ब्लू' निन्टेन्डो डीएससाठी. कथा एकच असल्याने दोन्ही घेण्याचे कारण नाही. 'रेड'ची कॅसेट मूळ डीएस आणि डीएस लाइटमध्ये बसते, डीएसनंतरच्या थ्रीडीएस या यंत्रात बसत नाही. २००७च्या 'टाइम' आणि 'डार्कनेस'पेक्षा २००९चा 'स्काय' घ्यावा, कारण त्यात तीच कथा असून शिवाय पाच विशेष प्रकरणे आहेत. थ्रीडीएसचे 'गेट्स टू इन्फिनिटी' आणि २०१५चा 'सुपर मिस्टरी डन्जन' हे दोन्ही प्रदेशबद्ध आहेत, त्यामुळे यंत्र जपानी आणि कॅसेट अमेरिकी असेल तर खेळ चालत नाही. थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाल्यामुळे आता जुनी कॅसेट शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि कोकणात जुनी कॅसेट सांभाळणे हे वेगळेच काम आहे. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाळी ओलीने तिच्या पितळी रंगाच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो, मग पडदा कोरा दिसतो आणि कॅसेट बिघडली असे वाटते. अशा वेळी तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातली ओल त्याच पट्ट्यांवर बसते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसात वीज गेल्यावर चार्जिंग संपत आलेले असेल, तर पुढच्या मजल्यावर उतरण्याआधी क्विकसेव्ह करावे, म्हणजे खेळ तिथेच जतन करून थांबावे; २००५च्या खेळांत सेव्ह न करता यंत्र बंद पडले, तर तो पराभव धरला जातो.