अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या हाताची बटणे घरी कशी दुरुस्त करावीत

पेटीवर हात बसलेला वादक अ‍ॅकॉर्डियन गळ्यात घालतो, तेव्हा उजव्या हाताच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याला लगेच ओळखीच्या वाटतात. डावा हात मात्र जुन्या सवयीने भाता ओढण्यापुरताच राहतो. आमच्या भजनी मंडळाकडे आलेल्या जुन्या वाद्याचे असेच झाले होते. उजवी बाजू रोज वाजत होती आणि डाव्या बाजूची बटणे वर्षानुवर्षे कोणी दाबलीच नव्हती. पावसाळ्यातली ओल, भंडारा-गोंदियाकडच्या मळणीतला धानाचा भुसा किंवा यवतमाळ-अकोल्याकडे हवेत तरंगणारे कापसाचे तूस अशा न हलणाऱ्या भागांवर निवांत बसते, आणि एक दिवस कोणी बटण दाबले की ते आत जाते आणि वर येतच नाही. तालुक्याच्या गावी पेटीचे सूर लावणारा कारागीर सापडतो, पण अ‍ॅकॉर्डियनच्या बासला, म्हणजे डाव्या हाताच्या बटणांच्या बाजूला, हात लावणारा क्वचितच मिळतो. त्यामुळे या बाजूचे साधे बिघाड स्वतःला दुरुस्त करता येणे बरे.

दुरुस्तीआधी रचना समजून घ्यावी. १२० बासच्या वाद्यात बटणांचे २० स्तंभ आणि प्रत्येक स्तंभात ६ बटणे असतात. भात्याकडून मोजल्यास पहिल्या दोन ओळी एकेका सुराच्या असून पुढच्या चार ओळींतले प्रत्येक बटण सुरांचा मेळ, म्हणजे कॉर्ड, वाजवते: अनुक्रमे मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड. लहान वाद्यांत काही ओळी किंवा स्तंभ कमी असतात, परंतु मांडणीचे तत्त्व तेच राहते. इटलीतल्या स्ट्राडेला गावाच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. दुसऱ्या ओळीत मधोमध एका बटणावर खळगा किंवा चमकता खडा असतो, ते पांढरी १ चे, म्हणजे सी सुराचे, बटण होय. त्याच्या वरचे, म्हणजे हनुवटीकडचे, बटण पांढरी ५ चे आणि खालचे पांढरी ४ चे असते.

प्रत्येक बटणाखाली एक लांब दट्ट्या असतो आणि त्याला आडवे काटे असतात. एका सुराच्या बटणाला सामान्यतः एक काटा आणि कॉर्डच्या बटणाला तीन. बटण दाबले की काटे आडव्या दांड्यांवरील खुंट्यांना ढकलतात, दांडे किंचित फिरतात, आणि त्यांना जोडलेल्या तरफा सुरांच्या छिद्रांवरील झडपा उचलतात. भात्याची हवा तिथून आतल्या धातूच्या जिभांच्या पट्ट्यांमधून वाहते आणि सूर उमटतो. १२० बटणांचा हिशेब केला तर ४० बटणांचे ४० आणि ८० बटणांचे २४०, असे जवळपास २८० काटे त्या चिंचोळ्या पेटीत दाटीने उभे असतात. ही संख्या सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. इतक्या काट्यांतून बिघडलेला नेमका काटा डोळ्यांनी शोधणे अवघड असते, तो कानाने शोधावा लागतो, एवढेच लक्षात यावे म्हणून ती सांगितली.

पेचकस बाजूला ठेवून आधी ऐकावे

कोणतेही बटण न दाबता भाता सावकाश ओढावा. सूर आपोआप वाजत राहिला, तर एखादी झडप उघडी राहिली आहे. आता बटणांवरून बोट फिरवावे. एखादे बटण इतरांपेक्षा खोल बसलेले आढळले तर दोष बहुधा तिथेच असतो. सर्व बटणे एका पातळीत असूनही सूर वाजत असेल, तर झडपेखाली कचरा अडकला असेल, तिची स्प्रिंग निसटली असेल किंवा तरफ वाकली असेल.

सूर वाजतच नसेल, तेव्हा पडताळणी अधिक बारकाईने करावी लागते, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. समजा, पांढरी १ च्या मेजर बटणातून पांढरी १ आणि ५ ऐकू येतात, पण पांढरी ३ गायब आहे. अशा वेळी तोच सूर असलेली दुसरी बटणे दाबावीत. पांढरी ६ च्या मायनरमध्ये ६, १ आणि ३ हे सूर असतात, आणि पांढरी ३ च्या मेजरमध्ये तो मूळ सूरच असतो. या बटणांत पांढरी ३ स्वच्छ वाजत असेल, तर झडप, दांडा आणि पट्टी निर्दोष आहेत आणि दोष पहिल्या बटणाच्या एका काट्यात आहे. उलट, सर्वच कॉर्डमधून तो सूर नाहीसा झाला असेल, तर काट्यांचा नाद सोडून त्या सुराच्या दांड्याकडे, झडपेकडे किंवा पट्टीकडे वळावे.

आणखी एक खूण आहे. अ‍ॅकॉर्डियनमध्ये भाता ओढताना एक आणि दाबताना दुसरी जीभ वाजते. म्हणून सूर एकाच दिशेला मुका असेल, तर बटणांची यंत्रणा उघडण्यात अर्थ नाही. दोष पट्टीचा किंवा तिच्यावरील चामड्याच्या फितीचा आहे, आणि त्यासाठी पेटीचा कारागीर पाहावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना वाद्य बंद गाडीत किंवा टिनाच्या छताखाली राहिले, तर पट्ट्या बसवलेले मेण मऊ पडते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते सैल होते. उन्हातल्या प्रवासानंतर एकदम अनेक सूर बिघडले असतील, तर बटणांना दोष देऊ नये.

ऐकताना कागद जवळ ठेवावा आणि कोणते बटण, कोणता सूर, ओढताना की दाबताना, हे लिहीत जावे. हा कागद तासाभरात तयार होतो आणि पुढे दिवसभराची शोधाशोध वाचवतो.

उघडणे

काम दिवसाउजेडी करावे, कारण स्प्रिंग हातात असताना वीज गेली की ती पुन्हा सापडत नाही. पंखा बंद ठेवावा. स्वच्छ, फिकट रंगाची चादर अंथरावी, म्हणजे पडलेली वस्तू दिसते. हत्यारे मोजकी लागतात: स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस, निमुळत्या तोंडाच्या दोन पकडी, चिमटा, रंगकामाचा मऊ ब्रश, हाताने दाबायचा रबरी फुगा, विजेरी आणि क्रोशाची सुई. स्प्रिंग ओढून जागेवर अडकवायला क्रोशाच्या सुईसारखे हत्यार नाही.

भात्याचे पट्टे लावून वाद्य दुमडलेल्या सतरंजीवर पाठीवर आडवे ठेवावे आणि डावी बाजू आपल्याकडे करावी. हात अडकवायचा पट्टा सैल करावा. काही वाद्यांत तो झाकणासोबत निघतो, तर काहींत आधी सोडवावा लागतो. झाकणाचे स्क्रू लहान-मोठे असू शकतात. म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवावा. झाकण निघताच, काहीही न हलवता, मोबाइलने दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

आता कागदावर लिहिलेले बटण हळूच दाबावे आणि त्याचा दट्ट्या, काटे व दांडे कसे हलतात ते विजेरीच्या उजेडात पाहावे. शेजारच्या चांगल्या बटणाशी तुलना केली की फरक चटकन दिसतो.

नेहमीचे बिघाड

बटण जड चालत असेल, तर आधी साफसफाई करावी. कोरड्या ब्रशने धूळ मोकळी करून रबरी फुग्याने ती बाहेरच्या दिशेने उडवावी. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नये. त्याचा झोत कचरा थेट झडपांखाली ढकलतो. दट्ट्यावर गंज दिसला तर बारीक पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून हलक्या हाताने फिरवावी आणि पडलेली भुकटी लगेच पुसून घ्यावी. ओलीने लाकूड फुगून बटण अडकत असेल, तर छिद्र कोरून मोठे करण्याचा मोह टाळावा, कारण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच बटण ढिले वाजू लागते. चार-सहा दिवस कोरड्या खोलीत वाट पाहावी.

तेल कधीही घालू नये. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. शिवणयंत्राचे तेल दोन थेंब सोडल्यावर बटणे आठवडाभर लोण्यासारखी चालली आणि महिन्याभरात धूळ धरून पूर्वीपेक्षा घट्ट झाली. तेल झडपेच्या चामड्यापर्यंत ओघळले तर ते चिकटते, ते निराळेच. घर्षण फारच जाणवत असेल, तर मऊ पेन्सिलचे शिसे घासून त्याची चिमूटभर भुकटी ब्रशच्या टोकाने लावावी. त्याहून अधिक काही नाही.

बटण आतच पडले असेल, म्हणजे पाटीच्या छिद्रातून सुटून खाली अडकले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. खडबडीत रस्त्यावर हादरे बसून असे होते. क्रोशाच्या सुईने दट्ट्या किंचित आत ओढावा, बटणाचे डोके छिद्राच्या रेषेत आणावे आणि सोडून द्यावे. ते पुन्हा सुटत असेल, तर दट्ट्या वाकला आहे किंवा त्याला मागे ढकलणारी स्प्रिंग कमजोर झाली आहे, असे समजावे.

कॉर्डमधला एकच सूर गायब असेल, तर त्याचा काटा बाजूला झुकून खुंटीच्या शेजारून निसटत असतो. एका पकडीने दट्ट्या घट्ट धरावा, म्हणजे ताण त्याच्यावर येत नाही, आणि दुसरीने काटा तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी सरकवावा. मग बटण दाबून पाहावे आणि गरज असेल तर पुन्हा तेवढेच. एकाच काट्याला पुढे-मागे वाकवत बसल्यास तो तुटतो, आणि तुटलेला काटा घरी जोडता येत नाही. कॉर्डमध्ये नको असलेला चौथा सूर मिसळत असेल, तर काटा शेजारच्या खुंटीला घासत असतो; उपाय तोच, दिशा उलटी.

झडप पूर्ण बसत नसेल, तर तिच्याखाली पातळ कागदाची पट्टी सरकवून, झडप अलगद दाबून, पट्टी ओढून घ्यावी. कापसाचे तूस बहुतेक वेळा कागदासोबत बाहेर येते. तेवढ्याने भागले नाही, तर स्प्रिंग जागेवर आहे का आणि तरफ शेजारच्या तरफेला टेकत तर नाही ना, हे पाहावे. झडपेचा नमदा किंवा चामडे झिजून कडक झाले असेल, तर ते बदलणे हे वेगळे आणि मोठे काम आहे.

यंत्रणा बाहेर काढावी का?

काही वाद्यांत संपूर्ण यंत्रणा मोजके स्क्रू काढल्यावर एकसंध बाहेर येते. तशी असेल तर काढायला हरकत नाही. अनेक जुन्या वाद्यांत मात्र दट्टे एकेक करून ओळीने काढावे लागतात, आणि मधला एक हवा असेल तर त्याच्या वरचे सर्व आधी निघतात. ते टाळता येत असेल तर टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टाळणे अशक्यच असेल, तर थर्माकोलच्या तुकड्यावर बटणांच्या पाटीसारखीच ६ बाय २० छिद्रे पाडावीत, ओळींना क्रमांक द्यावेत आणि निघालेला दट्ट्या तत्क्षणी त्याच क्रमांकाच्या छिद्रात उभा करावा. दिसायला सारखे दट्टे प्रत्यक्षात सारखे नसतात, कारण प्रत्येकाचे काटे वेगळ्या सुरांसाठी वेगळ्या उंचीवर बसवलेले असतात. बसवताना उलट क्रमाने जावे आणि एक ओळ पूर्ण झाली की सर्व बटणे दाबून पाहिल्याशिवाय पुढची घेऊ नये.

झाकण लावण्यापूर्वी वाद्य सावधपणे उभे करून प्रत्येक बटण भाता ओढताना आणि दाबताना, असे दोन्ही वेळा वाजवावे आणि कागदावरील नोंदीवर खूण करावी. बासला रजिस्टरची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, बटणे असतील तर तीही बदलून पाहावीत. आत खुळखुळ आवाज आला तर पुठ्ठ्यावरचे स्क्रू मोजावेत. झाकण बसवताना सर्व स्क्रू आधी सैल लावून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. जुन्या लाकडात ते जोराने पिळले तर आटे जातात. तसे झालेच तर छिद्रात काडीपेटीच्या काडीचा तुकडा सरसासह खोचून, तो वाळल्यावर पुन्हा आवळता येते. हाताचा पट्टा तळहात झाकणाला टेकेल आणि बोटे मोकळी फिरतील इतपत ताणावा. कोणता काटा सरळ केला, ते तारखेसह त्या कागदावर लिहून तो वाद्याच्या पेटीतच ठेवावा, कारण एकदा वाकलेला काटा पुन्हा वाकण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो.