‘शू’ म्हणजे नुसता कोबी नव्हे: या चुका टाळा

फ्रेंच अनुवाद तपासताना एका शब्दापाशी माझं लाल पेन हमखास थांबतं: शू. मूळ अर्थ कोबी. क्रीमपफसाठी भट्टीत फुगवलेला मैद्याचा पोकळ गोळा कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो, म्हणून तोही शू. आणि लाडाची हाकही तीच, ‘मों शू’.

एका कथेत आजारी मुलीच्या उशाशी बसलेली आई तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत होती, ‘झोप, माझ्या छोट्या कोबी.’ वाचणाऱ्याचा गळा दाटून यावा असा प्रसंग, आणि ऐन तिथे भाजी! अनुवाद करणारा मुलगा हुशार होता. पण शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून तो पुढे पळाला. चार ओळी खाली वाचायला त्याला सवड नव्हती. मी खूण केली, तर म्हणाला, ‘मग माझ्या क्रीमपफा?’ अरे, तेही नाही! हाक मारताना त्या आईच्या मनात ना भाजी असते ना मिठाई. ‘झोप, बाळा’ एवढंच पुरे. मी आधी कोण कोणाला बोलतंय ते बघतो, मग वाक्य मोठ्याने म्हणतो. आपल्या घरात कुणाच्या तोंडी ते येणार नसेल, तर खोडतो.

‘फेर शू ब्लां’ म्हणजे हात हलवत परत येणं. पांढरा कोबी आणू नका.

‘बेत कॉम शू’ हे कामाबद्दल म्हणतात: अगदी सोपं. ‘बेत’ म्हणजे मूर्ख, एवढं पाठ असलेले इथे हटकून फसतात.

अनेकवचनाला शेवटी एक्स लागतो, पण उच्चार शूच. ‘चॉक्स’ ऐकलं की मला खरंच त्रास होतो.

पाककृती अनुवादताना पदार्थ एकदा करून बघा. पाणी, लोणी आणि मैदा पातेल्याच्या तळाला पातळ साय धरेपर्यंत परतायचा, जरा निवला की एकेक अंडं घालायचं. यात बेकिंग पावडर नसते. गोळा वाफेवरच फुगतो. म्हणून कवच घट्ट व्हायच्या आत भट्टीचं दार उघडलं की तो बसतो. ही ओळ ‘अधूनमधून तपासा’ अशी सैल केलेली मी वाचली आहे. वाचकाचं अख्खं ताट वाया!

याच पिठाचा, क्रीम भरलेला लांबट एक्लेअर. त्या शब्दाचा अर्थ आभाळातली वीज. मोठ्या शूवर छोटा शू बसवला की रलिज्यूझ, म्हणजे नन. पाककृतीत ही नावं तशीच ठेवा. मठातल्या गोष्टीत मात्र ती ननच असते.