केळ्याच्या पिठाचा फुफू घरी कसा करावा

फुफू म्हणजे सुपाबरोबर खायचा मऊ, लवचिक गोळा. पश्चिम आफ्रिकेतल्या घानात, विशेषतः कुमासी शहराच्या आसपास, तो करायचा तर उकडलेला कसावा (हा एक कंद) आणि प्लँटेन जातीची कच्ची केळी लाकडी उखळात कुटतात. एक जण उभ्याने मुसळ मारतो आणि दुसरा बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात हाताने गोळा उलटवतो. फ्लॅटमध्ये हे जमणं कठीण, म्हणून घानाची राजधानी अक्रा असो की लंडन, पिठाचा फुफू सर्रास होतो. पीठ पुरेसं शिजवलं आणि मन लावून घोटलं, तर तो खरंच छान होतो.

तयार पीठ आफ्रिकी किराणा दुकानात मिळतं. नायजेरियातले योरुबा लोक ह्याच पिठाचा ‘अमाला ओगेडे’ करतात. आपल्याकडे करायचं तर राजेळी केळी घ्या, म्हणजे केरळची नेंद्रन. वसईकडे सुकेळी होतात तीच ही जात आणि ती प्लँटेनच्याच गटातली आहे. पिठासाठी मात्र केळी हिरवीगार हवीत. पिवळी पडायला लागली की स्टार्चची साखर होते आणि गोळा गोड, चिकट होतो. हाताला तेल लावून सालं काढा, नाहीतर चिकाचे डाग जाता जात नाहीत. पातळ चकत्या करून कडक उन्हात वाळवा. चकती वाकता कामा नये, कट्‌कन तुटली पाहिजे. मग दळून बारीक चाळणीने चाळा.

नुसत्या केळ्याच्या पिठाला लवचिकपणा कमी असतो. घानातल्या फुफूला तो कसावामुळे येतो, म्हणून एक वाटी पिठात दोन मोठे चमचे टॅपिओका स्टार्च, म्हणजे कसावाचा स्टार्च, मिसळा. साबुदाणाही कसावाचाच असतो, तेव्हा तो मिक्सरवर अगदी बारीक करून घातला तरी चालतो. पाकिटावर ‘फुफू मिश्रण’ लिहिलं असेल, तर आधी घटक वाचा. स्टार्च किंवा बटाट्याची पूड त्यात बहुधा असतेच, मग वेगळं काही घालायला नको.

दोघांसाठी एवढं पीठ पुरतं. जाड बुडाच्या पातेल्यात ते दीड वाटी थंड पाण्यात कालवा. पाणी थंडच हवं, उकळत्या पाण्यात नवख्या हाताने गुठळ्या हमखास होतात. मीठ घालत नाहीत, ते सूपमध्ये असतं. मध्यम आचेवर ठेवून लाकडी उलथन्याने सतत ढवळा. पीठ आधी बुडाशी धरू लागतं, मग अचानक सगळंच घट्ट होतं. ह्या वेळी हात थांबवू नका. गुठळ्या दिसल्या तर पातेल्याच्या कडेला दाबून रगडा.

गोळा जमला की बहुतेकांना वाटतं, झालं. पण आत पीठ अजून कच्चं असतं. गोळ्याला उलथन्याने दोन-तीन खळगे पाडा, पाव वाटी गरम पाणी सोडा, आच मंद करून झाकण ठेवा आणि मोदकाच्या उकडीसारखी चार मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या. मग झाकण काढून पातेलं फडक्याने घट्ट धरा आणि गोळा स्वतःकडे ओढत, दुमडत, दाबत घोटा. हे पुन्हा एकदा करा. गोळा फार घट्ट वाटला तर पाण्याचा हबका मारा. रंग गडद झाला, पृष्ठभागावर चकाकी आली, ओल्या बोटाला गोळा चिकटेना आणि चवीत पिठूळपणा उरला नाही, की फुफू झाला.

वाटी आतून ओली करून त्यात गोळा फिरवा, म्हणजे तो गुळगुळीत होतो. खोलगट ताटलीत ठेवून वरून गरम सूप ओता. शेंगदाण्याचं ‘न्कातेन्क्वान’ सोबतीला फार सुंदर लागतं. त्यात शेंगदाण्याची पेस्ट, टोमॅटो, कांदा, आलं, तिखट मिरची आणि बहुतेकदा चिकन असतं. उजव्या हाताने छोटा तुकडा तोडायचा, सुपात बुडवायचा आणि न चावता गिळायचा.

फुफू गार झाला की कडक होतो, म्हणून सूप आधी तयार ठेवा. उरलाच तर गोळा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून, पाणी शिंपडून वाफवा आणि परत एकदा घोटून घ्या.